महाजालाच्या दरबारी ठकूबाईंनी हुंकार दिला त्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनीच्या पायी मस्तक ठेवून, आणि पदरचे मीठ चिमटीपेक्षा जास्त घालणार नाही ऐसा शब्द देऊन, घडले ते लिहिले आहे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, कार्तिक मासी वद्य पक्षी, समुद्रापलीकडे एका थंड मुलखी महाजालाचा थोरला दरबार भरला. महाजाल म्हणजे ज्यावरून घरोघरची यंत्रे आपसात बोलतात ते, आणि यंत्रांनी कसे बोलावे याचे कायदे ठरवावयास देशोदेशीचे जाणते वर्षातून तीन वेळ जमतात. त्या दरबारास राजा नाही, सिंहासन नाही, चोपदार नाही. अंमल सगळ्या पृथ्वीवर आणि कारभारी अर्ध्या चड्डीत, ऐसा प्रकार. त्या दरबारी जगदाळ्यांच्या घरची सून उज्ज्वलाबाई आपली मसलत घेऊन निघाली, आणि तिजबरोबर तिच्या सासूबाई ठकूबाई यांची स्वारी निघाली. ठकूबाई तिसरीपर्यंत शिकल्या होत्या. चौथीत मास्तरांशी वाद जाहला आणि बाईंनी मास्तरांस सोडिले. चिरंजीवांस रजा मिळेना, तेव्हा बाई बोलल्या की, "परमुलखात सून एकटी जाणार आणि कोरडा पाव खाऊन भांडणार, हे जगदाळ्यांना शोभत नाही. मी येते." मग दशम्या, शेंगदाण्याच्या चटणीची बरणी आणि दोन शाली घेऊन विमानात बसल्या, आणि विमानातल्या पोरीने पट्टा बांधा म्हणताच तीस बोलल्या, "बांधते, पण मी कुठं पळून जाणार गं इथनं."

आता मसलत कोणती, तर ऐशी. महाजालावरून मोठा ऐवज धाडू जाता मध्येच धागा तुटला तर पुष्कळ ठिकाणी सगळे पहिल्यापासून धाडावे लागते. शहरात धागा तुटत नाही, त्यांस त्याचे काय. गावाकडे मोबाइलचा मनोरा घटकेत जागा, घटकेत निजलेला. नर्सबाई लेकराच्या छातीचा फोटो जिल्ह्याच्या डॉक्टरांस धाडते, दहातले नऊ हिस्से जातात आणि पुन्हा शून्य. उज्ज्वलाबाईचे म्हणणे की जिथे तुटले तिथून पुढे चालवावे, आणि सर्व यंत्रांस हा कायदा एकच असावा. दोन वर्षे तिने यात घातली, आणि दोन दरबारी मसलत माघारी फिरली, आणि या तिसऱ्या खेपेस एकमत न जाहले तर कागद कायमचा बासनात बांधावा ऐसे ठरले होते. म्हणून सुनेचा चेहरा विमानापासून उतरलेला, आणि सासूने तो पाहून न पाहिल्यासारखे केले.

मग मुक्कामी पोहोचले. गळ्यात नावाच्या पाट्या पडल्या, ठकूबाईंच्या पाटीवर "सोबतीण" ऐसे त्यांच्या भाषेत लिहिले. दरबाराआधी दोन दिवस यंत्रांचा आखाडा जाहला. तेथे एकाचे यंत्र दुसऱ्याच्या यंत्राशी बोलते की नाही हे पाहावयाचे, आणि नाही बोलले की दोघे मालक गळ्यात गळा घालून हसावयाचे. प्रत्येकाच्या यंत्राच्या पाठीवर चिकटचित्रे इतकी, की बैलपोळ्याचे बैल लाजावे. सोबतीणींस शहर दाखवावयास गाडी निघाली, तर ठकूबाई म्हणाल्या, "दगडं आमच्याकडं पण आहेत. मी माणसं बघते." मग संध्याकाळी स्वागताचा मेळा भरला आणि सगळे उभ्याने जेवले. तेथे उत्तर देशीचे एक लालदाढे सरदार आले, आणि उज्ज्वलाबाई हळूच म्हणाली, "आत्या, हेच ते. दोन्ही वेळा यांनीच पाडलं." सासूस आत्या म्हणण्याची त्या घरची चाल. ठकूबाईंनी सरदारांस खालपासून वर न्याहाळले.

"दाढी बरी राखलीय. चटणी दे त्याला."

"आत्या, तिखट आहे."

"म्हणून तर दे म्हणते."

सरदारांनी चमचाभर तोंडात टाकली, डोळ्यांस पाणी आले, आणि आणखी मागितली. ठकूबाई बोलल्या, "मूळचा वाईट नाही. अडून बसलाय एवढंच."

दुसरे दिवशी दरबार. तेथील रीत अजब आहे, ती आधी सांगणे जरूर. तेथे हात वर करून मते मोजीत नाहीत. सभानायिका पुसते, हे कोणास हवे, आणि ज्यांस हवे ते ओठ मिटून "हूं" करतात. मग पुसते, कोणास नको, आणि ज्यांस नको ते "हूं" करतात. दाट आवाज कोणीकडे ते ती कानांनी पारखते. आणि जगदाळ्यांच्या घरची रीत वेगळी. तेथे शेंगा फोडताना ठकूबाई नातवंडांस गोष्ट सांगतात आणि ऐकणाराने वाक्यागणिक "हूं" द्यावयाचा, नाही दिला तर गोष्ट बंद. वैरी जरी गोष्ट सांगत असला तरी त्यास हुंकार द्यावा, न देणे हे घरंदाजपणाचे लक्षण नव्हे. ही रीत सुनेस ठाऊक, पण दरबारच्या रितीची गोष्ट सासूस सांगावयाची गडबडीत राहून गेली, आणि तेथेच घात जाहला.

उज्ज्वलाबाई उभी राहून बोलू लागली, आणि पहिल्या रांगेतून वाक्यागणिक "हूं" येऊ लागला. लोक हसले. सभानायिका म्हणाली, हुंकार मागितल्यावर द्यावा. तिची भाषा ठकूबाईंस कोठली कळणार. त्यांनी तिलाही "हूं" दिला. मग सभानायिकेने पुसले, हे कोणास हवे, आणि सभेत बरा गुणगुणाट जाहला; पण त्या क्षणी कोणी गोष्ट सांगत नव्हते, सबब ठकूबाई गप्प. मग पुसले, कोणास नको, तो लालदाढे सरदार उठले आणि म्हणाले, "देणाऱ्याने किती दिले हे तो मोजील. पण तिकडे पोचले किती, हे त्यास कसे कळावे? अर्धवट तुकडे जोडण्यापेक्षा पहिल्यापासून सुरू केलेले बरे." इतके बोलून थांबले. समोरचा थांबला आहे हे पाहून ठकूबाईंनी बेंबीच्या देठापासून "हूं" दिला, तो मागल्या भिंतीपर्यंत गेला. सभानायिकेने दोन्ही पारडी समान धरली, एकमत नाही म्हणाली, आणि उज्ज्वलाबाई कागद बासनात बांधू लागली. दोन वर्षे बुडाली ती सासूच्या नाकातून.

परंतु त्या दरबारचा आणखी एक कायदा आहे. जो मोठ्याने नको म्हणतो त्याने का नको ते उभे राहून सांगावे. मग सभानायिकेने ठकूबाईंकडे हात केला, ध्वनिक्षेपक पुढे आला, आणि सुनेने कानात सांगितले, "आत्या, तुम्ही माझ्या विरुद्ध हुंकारलात. इथं हूं म्हणजे कौल. आता का ते सांगा म्हणतायत."

ठकूबाईंचा चेहरा क्षणभर पडला, तो कोणास दिसू दिला नाही. म्हणाल्या, "कौल कसला? मी ऐकत होते. मी बोलते, तू त्यांच्या भाषेत सांग, आणि आपल्या पदरचं घालू नको." मग बोलल्या, "माझी नातवंडं गोष्ट ऐकता ऐकता पेंगतात. मी काय राजा आणि राणीपासून परत सुरू करते का? शेवटचा हूं कुठं दिला ते माझ्या ध्यानात असतं. जाग आली की विचारते, कुठवर ऐकलंस रे? तो म्हणतो, राक्षस आला तिथवर. मी म्हणते, मग ऐक, राक्षस आला आणि. मी किती सांगितलं याला काय किंमत, त्यानं किती ऐकलं ते खरं. तुमच्या यंत्रांना बोलता येतं म्हणता, मग त्यांना हूं म्हणायला कुणी शिकवलं नाही का?"

सून बोलता बोलता मध्येच थांबली, कारण तिच्या कागदात जे उणे होते ते तिला आपल्याच तोंडून ऐकू आले. मग ताठ उभी राहून म्हणाली की घेणाऱ्या यंत्राने हिस्स्यागणिक पोच द्यावी, धागा पुन्हा जुळताच देणाऱ्याने कुठवर पोचले ते पुसावे, आणि तिथून पुढे चालवावे. "हे कलम मी आज घालते," ऐसेही बोलली. लालदाढे सरदार दाढी कुरवाळीत उठले. मग म्हणाले, "माझी अडचण एवढीच होती." सभानायिकेने पुन्हा पुसले, आणि हवे म्हणणारांचा हुंकार ऐसा उठला की पेल्यांतले पाणी थरथरले, आणि त्यात सरदारांचा सर्वांत जाड होता. नको कोणास, म्हणून पुसले तेव्हा ठकूबाईंनी तोंडावर पदर धरिला, न जाणो सवय.

कायदा जाहला. कागदाच्या अखेरीस आभाराचे कलम असते, त्यात ठकूबाई जगदाळे हे नाव घातले. सुनेने ते वाचून दाखविले तेव्हा बाईंनी मागली सगळी पाने उलटून पाहिली आणि पुसले, "एवढं सगळं तुमचं आणि मी अगदी शेवटाला?"

"तशीच रीत आहे, आत्या."

"असू दे," ठकूबाई बोलल्या. "शेवटचा हूं ध्यानात राहतो."

सारांश, मसलत सुनेची, घोटाळा सासूचा, तोडही सासूचीच. आणि चटणीची बरणी जाताना भरली होती ती येताना रिकामी आली, झाकण तेवढे सरदारांनी धुऊन दिले.