मीटर म्हणतो पास

"गळती? माझ्या यंत्रातून? अरे, डासाचा श्वाससुद्धा बाहेर पडायचा नाही!"

ऑस्ट्रेलियातल्या न्यूकासलच्या त्या संशोधन इमारतीत नेव्ह कूराकिस हे वाक्य गेले अकरा महिने प्रत्येकाला ऐकवत होता. ज्यांनी काही विचारलं नव्हतं, त्यांनाही!

यंत्र म्हणजे फ्रिजएवढी पोलादी पेटी, आत काचेची वेटोळी नळी. मासे-चिप्सच्या दुकानांतलं वापरलेलं तेल थोडं अल्कोहोल मिसळून नळीत सोडायचं, मायक्रोवेव्हने तापवायचं, की दुसऱ्या टोकाला गाडीत घालायचं इंधन! या रिअ‍ॅक्टरची रचना नेव्हची, दार नेव्हचं, आणि ते दार नऊदा बदलणाराही नेव्हच. आता शुक्रवारी दुपारी बारापर्यंत पहिल्या चाचणीचे आकडे गेले नाहीत, तर पैसे पुरवणारी कंपनी हात वर करणार आणि पेटी भंगारात जाणार होती. पण चाचणीआधी सुरक्षा अधिकारी गॉर्डन पिकरिंगची सही हवी. गॉर्डनने वेळ दिली मंगळवारी दोनची. तीही मेलबर्न कपच्या मंगळवारी, जेव्हा सगळा देश घोड्यांची शर्यत बघत बसतो!

"तीनला घोडे सुटतात," गॉर्डनने आल्याआल्या बजावलं. "पावणेतीनला मी चहाच्या खोलीत. आभाळ कोसळलं तरी!"

त्याने दाराच्या कडेने मायक्रोवेव्हची गळती मोजणारा मीटर फिरवायला घेतला, तो इतका सावकाश, की नेव्हच्या पायाला भिंगरी लागली.

"बिजागरी ठीक. फट ठीक. आता पूर्ण जोरावर दहा मिनिटं, मग सही."

"चल, लावतो!"

"शर्यतीनंतर."

"अरे, दहाच मिनिटं!"

"शर्यतीनंतर, गड्या!"

गॉर्डन गेला. मीटर तिथेच राहिला, आकडे नोंदवत. नेव्ह बसला. उठला. खिडकीशी जाऊन आला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! मीटर नोंद ठेवतोच आहे, मग आपणच उरकून टाकलं तर? तीनला एक मिनिट कमी असताना त्याने बटण दाबलं.

मीटर मर्यादेच्या पाव हिस्सासुद्धा दाखवेना! तेवढ्यात चहाच्या खोलीतून आरडाओरडा ऐकू आला. 'काय रंगलीय शर्यत!' नेव्ह मनाशी म्हणाला आणि त्या भरात त्याने यंत्राचा जोर पूर्ण वाढवला. तिकडे आरडाओरडाही वाढला. दहा मिनिटं झाल्यावर बटण बंद करून तो धावतच तिकडे गेला.

"झालं!"

"काय झालं? डोंबल झालं!" शेरील खेकसली. इमारतीचा सगळा कारभार तिच्या हातात. बिस्किटाच्या डब्याला हात लावायलाही संचालक तिची परवानगी घेत. आता ती कपसाठी घातलेली पिसांची टोपी कानावर घेऊन खुर्चीवर उभी होती आणि वायफायचा डबा डोक्यावर धरून हलवत होती. "शर्यत सुटली आणि चित्र गोठलं! आत्ता आलं, तर जिंकणाऱ्याच्या गळ्यात हारही पडलाय!"

"माझा घोडा चार घोड्यांइतका पुढे होता," गॉर्डन पुटपुटला. "चारही पाय हवेत. नववा आला. जमिनीवर टेकल्यावर काय झालं, कुणास ठाऊक!"

वायफाय आणि मायक्रोवेव्ह एकाच लहरींवर चालतात, हे नेव्हइतकं त्या खोलीत कुणाला ठाऊक होतं? मर्यादेतल्या चिमूटभर गळतीने माणसाला काही होत नाही, पण वायफायचा जीव जातो! सगळे इंटरनेटवाल्यांना शिव्या घालत होते. सगळ्यात मोठी शिवी नेव्हने घातली.

"चल, तुझी दहा मिनिटं उरकू," गॉर्डन उठला.

"आत्ता? उद्या करू की!"

"मघाशी तर नाचत होतास!"

इलाज नव्हता. नेव्हने बटण दाबलं. चहाच्या खोलीत शर्यत पुन्हा दाखवत होते. तिकडून हाक आली, "अरे, गेलं पुन्हा!"

गॉर्डनने मान वळवली. त्याने स्वतः बटण बंद केलं. "आलं, आलं!" चालू केलं. "गेलं!" गॉर्डन शास्त्रशुद्ध माणूस. त्याने हे सहा वेळा केलं आणि सहाही वेळा वहीत नोंदवलं.

"मीटर म्हणतो पास," तो शेवटी खिन्नपणे म्हणाला. "कायद्याने मला सही द्यावीच लागेल." त्याने सही केली आणि खाली एक अट लिहिली: यंत्र सुरू करण्याआधी शेरीलची परवानगी घ्यावी.

शेरीलने हाताची घडी घालून सगळं ऐकून घेतलं. "परवानगी देते. आधी सगळ्या इमारतीला मेल टाकायची. गळती कुणाची, घोडे कुणी गोठवले, आणि माफी. मेल माझ्या फोनवर आली, की मग दाब तुझं बटण!"

अभिमान गिळायचा म्हणजे काय चेष्टा आहे? 'गळती' हा शब्द टाळून नेव्हने सात मेल लिहिल्या आणि सातही स्वतःच खोडल्या. बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी साडेअकराला मात्र घाम फुटला. चाचणीलाच वीस मिनिटं हवीत! त्याने डोळे मिटून लिहून टाकलं: 'गळती होती. माझ्याच यंत्राची होती. घोडे मी गोठवले. मला माफ करा.'

आता एक क्षणही घालवायचा नव्हता. डाव्या हाताने त्याने यंत्राचं बटण दाबलं आणि उजव्या हाताने 'पाठवा'.

तेल झकास तापू लागलं. अकरा महिन्यांत प्रथमच नळीच्या टोकाला सोनेरी थेंब जमला! नेव्हने आनंदाने लॅपटॉपकडे पाहिलं. पडद्यावर एक गोल चक्र फिरत होतं. फिरतच राहिलं.

दारात शेरील उभी होती, हातात फोन.

"नेव्ह," ती म्हणाली, "मेल काही आली नाही रे."