दोन नाठाळ दोर

मोजमापाचा अंतिम हेतू मनःशांती हा असतो, हे सुसंस्कृत समाजात आता सर्वमान्य झाले आहे.

आमच्या कारखान्यात लिफ्टचे दोर बनतात. प्रत्येक खेपेतले शंभर दोर ताणून तोडायचे आणि कोणता किती ताणाला तुटला याचा आलेख काढायचा, अशी पद्धत आहे. आलेख घंटेच्या आकाराचा यावा, मध्ये फुगीर आणि दोन्हीकडे उतरता. (साहेबांच्या केबिनमध्ये तसा एक फ्रेम करून लावला आहे.) या खेपेत अठ्ठ्याण्णव दोर शहाण्यासारखे तुटले. दोघांनी मात्र निम्म्या ताणालाच मान टाकली आणि घंटा एका बाजूला कलली.

साहेबांनी तातडीने वजन समिती नेमली. आलेख बसवताना प्रत्येक आकड्याला वजन देता येते. ज्याच्यावर भरवसा कमी, त्याला वजन कमी. भरवसा कोणावर ठेवायचा, हे आम्ही चहा येण्याआधीच ठरवले: जो घंटेत बसतो त्याच्यावर.

चाचणी विभागाच्या बाईंनी मोडता घातला. "साहेब, मोजण्यात घोळ असता तर मीच वजन कमी केलं असतं. यंत्र दोनदा तपासलंय. मोजणी चोख आहे, दोरच कच्चे आहेत. आणि ही खेप माझ्या आईच्या इमारतीत लागणार आहे. नववा मजला. तिचे गुडघे गेलेत हो!"

"बाई, इतकं मनाला लावून घेऊ नका," साहेब मायेने म्हणाले.

समितीला गहिवरून आले. बाईंच्या म्हणण्याला ०.०२ वजन देण्यात आले (आईसाठी खास सवलत). त्या दोन दोरांना शून्य. ते जाताच घंटेने अंग चोरले आणि कालपर्यंत सरळ वागणारे सात दोर कडेला दिसू लागले. त्यांनाही शून्य. मग आणखी एकवीस. असे करत करत संध्याकाळी एकच दोर उरला. त्याचे स्वतःशी पूर्ण एकमत होते. खेप उत्तीर्ण झाली.

दोर लागले. बाईंची आई तेव्हापासून खाली उतरलेली नाही. बाई रोज भाजी आणि औषधे घेऊन नऊ मजले चढतात. वाईट वाटते, पण जिना प्रकृतीला उत्तम. समितीतले आम्ही सगळे हल्ली तोच वापरतो.

हे वाचून आपल्या पोटात किंचित गोळा आला असेल. हरकत नाही. उद्या सकाळी उशीर झालेला असेल, लिफ्टचे दार उघडेच असेल, आणि आपण त्या गोळ्याला शून्य वजन देऊन बटण दाबाल. आपल्याला त्यासाठी समितीसुद्धा लागणार नाही.