फर्स्ट क्लास उन्हाळा

रेनोची हवा कुणालाच कळत नाही, असं लोक म्हणतात. साफ चूक! मोरेश्वरला कळते. निदान एप्रिलमधल्या त्या रविवारपर्यंत मोरेश्वरचं हेच ठाम मत होतं.

आता रेनो म्हणजे काय, तर एका अंगाला सिएराचे बर्फाचे डोंगर, दुसऱ्या अंगाला नेवाडाचं वाळवंट. मधली हवा म्हणजे दोन सासवांच्या तावडीत सापडलेली सून! सकाळी एकीचं ऐकते, दुपारी दुसरीचं. पण मोरेश्वर पडला डेटा अ‍ॅनालिस्ट. त्यानं ऑफिसात, भर मीटिंगमध्ये, हवामान खात्याचा स्प्रिंगचा अंदाज उघडला. नकाशावर रेनो मस्त केशरी! एप्रिल ते जून, नेहमीपेक्षा उबदार राहण्याची शक्यता साठ टक्के.

"साठ टक्के!" घरात शिरता शिरता तो सुवर्णाला म्हणाला. "म्हणजे फर्स्ट क्लास!"

"अरे मोरू, तो तीन महिन्यांचा अंदाज आहे, रोजचा नाही," सुवर्णा म्हणाली. "आणि उरलेले चाळीस?"

"फर्स्ट क्लास मिळाल्यावर उरलेले मार्क कोण विचारतं?"

पाच मिनिटांत मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज पडला. 'विंटर टायर काढा. ब्लँकेटं धुवून ठेवा. उन्हाळा आला! आपला, मोरेश्वर.' लोकांनी अंगठे दाखवले. मोरेश्वरनं शनिवारी दोन्ही गाड्यांचे बर्फात चालणारे टायर काढून साधे लावूनही आणले.

एवढ्यावर थांबला असता तर ही गोष्टच झाली नसती. पण मोरेश्वरच्या घरात मंडळातल्या पद्मिनीकाकूंचं झाड होतं.

पद्मिनीकाकूंचं झाड म्हणजे कढीपत्त्याचं! अमेरिकेत ज्याच्या घरी कढीपत्त्याचं झाड, त्याचा थाट गावच्या पाटलासारखा. रेनोच्या दुकानातला कढीपत्ता बघावा, तर एसटीनं रात्रभर उभ्यानं आल्यासारखा मरगळलेला. त्यामुळे अख्ख्या मंडळाची फोडणी काकूंच्या झाडावर. लेकीच्या बाळंतपणासाठी काकू पार पूर्वेकडे अ‍ॅशबर्नला निघाल्या, तेव्हा हे खांद्याएवढं झाड त्यांनी मोरेश्वरच्या हवाली केलं.

"समोरच्या पीव्हाइन डोंगरावरचा बर्फ पूर्ण गेल्याशिवाय ह्याला बाहेर काढायचं नाही," काकूंनी बजावलं. "पाणी बेतानं घाल. आणि मोरेश्वर, ह्याच्यावर डोकं चालवायचं नाही!"

पीव्हाइनच्या टोकावर अजून पांढरी टोपी होती. पण डोंगराला काय कळतंय? डोंगराकडे डेटा होता का? शनिवारी दुपारी मोरेश्वरनं झाड मागच्या डेकवर, म्हणजे उघड्या लाकडी ओट्यावर काढलं. उन्हाळ्यात वाढायला जागा हवी, म्हणून अर्ध्या कापलेल्या वाइनच्या लाकडी पिंपात लावलं. वर पोत्यानं माती आणि बादलीनं पाणी!

कुंपणापलीकडून शेजारीण लिंडा बघत होती. लिंडा कसिनोतून रिटायर झालेली. आयुष्यभर पत्ते वाटलेली बाई!

"पीव्हाइन अजून पांढरा आहे, हनी," ती म्हणाली.

"साठ टक्के, लिंडा!"

"साठ टक्क्यांच्या भरवशावर माझ्या टेबलवर बसलेले लोक स्वतःच्या गाडीनं आले होते. घरी गेले ते बसनं."

"पैज!" मोरेश्वर म्हणाला.

"बर्फ पडला तर माझ्या गॅरेजपुढचा ड्राइव्हवे तू साफ करायचा. नाही पडला तर मी तुला जेवू घालते."

हल्ली लिंडाच्या खिडकीतून अधूनमधून चक्क फोडणीचा वास यायचा. आपल्याच स्वयंपाकघरातला वास वाऱ्यानं तिकडे जाऊन परत येत असणार, असं मोरेश्वरनं शास्त्रीय अनुमान काढलं होतं.

रविवार उजाडला तो कडक उन्हात. मोरेश्वर हाफ पँटीत! सुवर्णा पायात चपला अडकवून ग्रोसरीला गेली. आणि दुपारी वारा सुटला. आधी डेकवरची खुर्ची चालायला लागली. मग टेबल तिच्या मागे निघालं. पीव्हाइन ढगात गडप झाला आणि मोरेश्वरच्या नाकावर काहीतरी गार पडलं.

"कापूस असेल," मोरेश्वर स्वतःशी म्हणाला.

कापूस वितळला. मग कापसाचा अख्खा कारखानाच कोसळला!

मोरेश्वर झाडाकडे धावला. पिंप ढकललं, हललं नाही. विसर्जनाचा गणपती उचलायला दहा माणसं लागतात. इथे एकटा मोरेश्वर, तोही हाफ पँटीत! दम लावून, ओरडून, कसंबसं दारापर्यंत आणलं. आणि तिथे कळलं, की पिंप दारापेक्षा दोन बोटं रुंद आहे!

काकूंचं झाड! मंडळाची फोडणी! हे मेलं तर रेनोत कुणी दारात उभं करणार नाही. पण डोकं शाबूत होतं, तेच तर वाईट झालं. त्यानं आतून सुवर्णाचं लाल जाकीट आणलं आणि दोन फांद्या दोन बाह्यांत घातल्या. शेंड्यावर आईनं नाशिकहून पाठवलेली माकडटोपी चढवली. पिंपाभोवती गोधडी गुंडाळली. वाऱ्यानं बाह्या फडफडू लागल्या. जणू कुणी बाई बर्फात उभी राहून दोन्ही हातांनी "वाचवा हो, वाचवा!" म्हणतेय!

लिंडानं तेच पाहिलं. चष्मा न लावता.

दहा मिनिटांत दारावर टकटक. बाहेर दरवाजाएवढा पोलीस ऑफिसर!

"सर, तुमच्या डेकवर एक बाई बर्फात उभ्या आहेत, असा फोन आलाय."

"बाई? छे! ते झाड आहे."

"लाल जाकिटातलं झाड?"

"जाकीट बायकोचं आहे."

"आणि बायको कुठे आहे?"

"तेच कळत नाही. मघापासून फोन करतोय, उचलत नाही."

ऑफिसरचा हात हळूच कमरेच्या रेडिओकडे गेला.

"तुम्ही काळजी करू नका," मोरेश्वर पूर्ण आत्मविश्वासानं म्हणाला. "टोपी घातलीय, गोधडी घातलीय. आतच घेणार होतो, पण दारातून मावत नाही!"

ऑफिसर त्याला बाजूला सारून डेकवर गेला. "मॅडम? आर यू ओके, मॅडम?" मॅडमनी बाही झटकली, ती नेमकी त्याच्या गालावर. त्यानं माकडटोपी वर केली. आत पाला! तो पाल्याकडे बघत राहिला. पोलीस ट्रेनिंगमध्ये हा धडा नसावा.

तेवढ्यात सुवर्णा आली. चालत. चिंब. एका पायात चप्पल, दुसऱ्या पायात नुसताच बर्फ!

"तुझ्या फर्स्ट क्लास टायरांनी गाडी चढावर उलटी घसरली!" ती कडाडली. "खाली सोडून आलेय. दोन्ही हातांत दह्याचे डबे, फोन कुठल्या हातानं उचलू? आणि पोलीस कशाला? आणि... माझं जाकीट!"

ऑफिसरनं बायको जिवंत असल्याची मनोमन नोंद केली आणि सुस्कारा सोडला. तेवढ्यात मोरेश्वरचा फोन वाजला. पद्मिनीकाकूंचा व्हिडिओ कॉल! दर रविवारी त्या झाड बघायच्या. गारठलेल्या बोटांनी तो कट करायला गेला आणि उचलला गेला.

"मोरेश्वर, हा कोण रे? पोलीस? अरे, माझं झाड कुठंय?"

ऑफिसर सज्जन माणूस. त्यानं फोन घेऊन कॅमेरा झाडाकडे वळवला. पानं काळवंडून लोंबत होती.

"काकू..." मोरेश्वर कॅमेऱ्यासमोर आला. "मी मारलं हो तुमचं झाड."

पलीकडे बाळ रडलं.

"गप, रडू नकोस," काकू बाळाला म्हणाल्या की मोरेश्वरला, कळलं नाही. "हे धाकटं. थोरलं लिंडाकडे ठेवलंय."

"लिंडाकडे? मग मला हे कशाला दिलंत?"

"नाहीतर तू रोज तिच्याकडे जाऊन सल्ले दिले असतेस! तुला कशात तरी गुंतवायला हवं होतं ना, बाबा. आणि मुळं जिवंत असतील तर फुटेल ते पुन्हा. फक्त तू हात लावू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरेश्वर माकडटोपी घालून लिंडाचा ड्राइव्हवे साफ करत होता. काचेमागे थोरलं झाड हिरवंगार उभं. जाकीट नाही, टोपी नाही! लिंडा हातात पोह्यांची बशी घेऊन खिडकीतून हसत होती.

सुवर्णा चहा घेऊन आली. "मोरू, इंजिनिअरिंगला पासिंग कितीला असतं रे?"

"चाळीसला. का?"

"मग उरलेल्या चाळीसवर बर्फ पास झाला त्यात नवल काय? तूही तसाच झाला होतास."

मोरेश्वरनं फावडं बर्फात रोवलं. ग्रुपवर आधीच मंडळातल्या श्रीरामच्या धुतलेल्या ब्लँकेटांचा फोटो आला होता, दोरीवर पापडासारखी कडक झालेली! पण खचेल तो मोरेश्वर कसला? त्यानं फोनवर ताजा अंदाज पाहिला आणि ताठ मानेनं टाइप केलं, 'मंडळी, मे महिना उबदार. आता सत्तर टक्के. म्हणजे डिस्टिंक्शन!'

मेसेज गेला नाही. अ‍ॅडमिननं त्याला ग्रुपमधून काढलं होतं.

अ‍ॅडमिन चहाचा रिकामा कप घेऊन घराकडे निघाली होती.