दुपट्टेरावाचा चेहरा

आर्वीच्या बबनराव कोल्ह्यांनी एका स्थानिक साप्ताहिकात पस्तीस वर्षं 'दुपट्टेराव' ही चित्रमालिका काढली, पण दुपट्टेरावाचा चेहरा एकदाही दाखवला नाही. आपल्याकडच्या उन्हात तोंडाला दुपट्टा गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवायचे, यात कुणाला काही वावगंही वाटलं नाही. कंडक्टरशी भांडणारा, वांगी नखानं टोचून बघणारा, परक्या लग्नात वरपित्याला वरणात मीठ कमी असल्याचं सांगणारा हा गडी सगळ्यांचा लाडका होता. तो मुळात गडी नव्हताच. ती बबनरावांची बायको कोकिळाबाई होती, आणि हे एकट्या बबनरावांना ठाऊक होतं. कोकिळाबाई ते साप्ताहिक न वाचता डब्यांखाली अंथरत, म्हणून संसार सुखाचा चालला होता.

आता पुण्याची एक कंपनी दुपट्टेरावावर मुलांसाठी ॲनिमेशनपट काढणार होती. दिग्दर्शिका गुंजन सकाळीच घरी येऊन बसली.

"काका, शेवटी तो दुपट्टा सोडतो आणि हसतो. चेहरा तुम्हीच काढून द्या. दुपारच्या गाडीनं मी तो घेऊन जाणार. चेहऱ्याशिवाय सिनेमा होणार नाही."

खरा चेहरा काढून देणं बबनरावांना परवडणारं नव्हतं. पण सिनेमा तर त्यांना जिवापाड हवा होता. त्यांनी घाईघाईनं झुबकेदार मिशांचा एक चेहरा काढला. नेमका तेव्हाच शेजारचा कैलास डोकावला. कैलास एसटीत ड्रायव्हर.

"काका, हा तं मीच हाय! मिशा पाहा ना!"

त्यानं लगेच डेपोत फोन केला. अर्ध्या तासात अंगणात आठ ड्रायव्हर आणि पाच कंडक्टर जमले.

"मिशा कैलासच्या असन, पन नाक माहं हाय!"

"पस्तीस वर्सं कंडक्टरची टिंगल केली, आता चेहरा तरी कंडक्टरचा घ्या!"

बबनरावांनी मिशा खोडल्या, नाक बदललं, गाल फुगवले. प्रत्येक बदलाला नवा दावेदार उभा राहिला. गुंजन मात्र मान हलवत होती.

"काका, यातला एकही चेहरा त्या डोळ्यांना शोभत नाही. डोळे कुणाचे आहेत ते तरी सांगा!"

दोन तासांत बबनराव पार थकले. मग हात आपोआप चालला. धारदार नाक, घट्ट मिटलेले ओठ, हनुवटीवर तीळ. कैलासनं कागद पाहिला, स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि चपला शोधायला लागला.

"चाला रे, ड्युटी हाय आपली."

अंगण रिकामं झालं. तेवढ्यात कोकिळाबाई चहा घेऊन आल्या आणि त्यांनी कागद उचलला. बबनरावांनी डोळे मिटून घेतले.

"अगोबाई! हे तं तुमची बहीन शकुबाई!" कोकिळाबाई खदखदून हसल्या. "तोच तोरा! काऊन लपवून ठेवलं इतके वर्सं?"

"तुले राग येईन म्हनून," बबनराव म्हणाले. आपण इतके हुशार आहोत हे त्यांना आजवर माहीत नव्हतं.

"मले काऊन राग येईन? थांबा, तिले दाखवतो."

बबनराव खुर्चीतून उठेपर्यंत हिंगणीला, शकुबाईंच्या घरी, व्हिडिओ कॉल लागलाही होता. कोकिळाबाईंनी पडदाभर दिसेल असं चित्र फोनसमोर धरलं.

"पाह्यलं का शकुबाई? सिनेमात येनार हाय हे!"

पलीकडून शकुबाईंचा आवाज आला, "वैनी, दिसून राह्यल्या तुमी. पन जरा बाजूले व्हा ना, चित्र पाहू द्या."