तीन रेघा जास्त

खैरनारकाकांच्या पोर्चमध्ये स्लॅबला झोपाळ्यासाठी एक लोखंडी कडी बसवलेली आहे. तिला झोपाळा कधी टांगला गेलाच नाही. तिथे ताणकाटा लटकतो. भिंतीवरच्या घड्याळाएवढी तबकडी, काळा काटा आणि खाली बोटाएवढा जाड आकडा. नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या गल्लीतून कोणीही विमानाने निघालं, की त्याची बॅग आधी त्या आकड्याला लागते. आणि माणूस परत येणार की नाही, हे काकांना त्या काट्यावर दिसतं.

असं मी लिहिलेलं माझ्या शाळेत कळलं तर माझी नोकरी जाईल. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते.

काकांनी एकतीस वर्षं ओझरच्या विमान कारखान्यात नोकरी केली. काम एकच, सुटे भाग तोलायचे. विमानात ते कधी बसले नाहीत, पण विमानाबद्दल बोलताना घरच्या गाईबद्दल बोलावं तसं बोलायचे. "अंदाजे" हा शब्द त्यांना शिवीसारखा लागायचा. भाजीवाल्याने "अंदाजे अर्धा किलो हाय, घ्या काका" म्हटलं, की ते पिशवी खाली ठेवून म्हणायचे, "अंदाजे माझ्या घरी शिजत नाही." काकू मागून हळूच पैसे देऊन मेथी उचलायच्या.

निवृत्त झाल्यावर माणसं देवाला लागतात, काका काट्याला लागले. सुरुवातीला त्यांच्याकडे जात कोण होतं? पंचाण्णवच्या सुमाराला गल्लीतून विमानाने जाणारा माणूस म्हणजे हार, पेढे आणि ग्रुप फोटो. मग स्वस्तातली विमानं आली. त्यांनी तिकीट स्वस्त केलं आणि बाकी सगळ्याला पैसे लावले. बॅगेचे वेगळे, वरच्या किलोचे वेगळे, पाण्याचे वेगळे, खिडकीशी बसायचं तर त्याचे वेगळे. विमान पडेल याची आमच्या लोकांना कधी भीती वाटली नाही. वरच्या एका किलोची मात्र अशी धास्ती बसली, की जो तो बॅग घेऊन काकांच्या दारात.

काकांची पद्धत ठरलेली होती. आधी रिकामी बॅग तोलायची. मग आत जाणारी एकेक वस्तू छोट्या काट्यावर. टॉवेल, चपला, चिवड्याची पिशवी, काळ्या मसाल्याचा डबा, कुलूप, कुलपाची किल्लीसुद्धा. पाठकोऱ्या कागदावर बेरीज. नंतर भरलेली बॅग कडीला टांगायची आणि दोन्ही आकडे ताडून पाहायचे.

"बेरीज जुळली," काका म्हणाले की तो माणूस परत यायचा. सोनवणे सर मुलाकडे सहा महिन्यांसाठी गेले होते. त्यांची बेरीज ग्रॅमला ग्रॅम जुळली होती. सुनेशी खटका उडून ते अकराव्या दिवशी मुंबई नाक्यावर रिक्षा शोधत उभे होते.

पण कधी कधी जुळायची नाही. सगळ्या वस्तू मिळून अठरा किलो भरलेल्या असायच्या आणि बॅग टांगली की काटा अठराच्या पुढे दोन रेघा, तीन रेघा जाऊन थांबायचा. एक रेघ म्हणजे शंभर ग्रॅम. काका परत सगळं उपसायचे, परत तोलायचे. वस्तूंची बेरीज तीच. बॅग पुन्हा तीन रेघा जास्त.

"हे बरोबर जाणारं वजन," काका शांतपणे म्हणायचे. "हे काढता येत नाही."

गल्लीतला भूषण दोन वर्षांच्या करारावर दुबईला गेला, तीन रेघा जास्त घेऊन. आता त्याची पोरं तिकडच्या शाळेत जातात.

मी वाद घातला नाही असं नाही. दोन काट्यांत फरक असेल, म्हटलं. काकांनी पाच किलोचं माप दोन्हींवर ठेवून दाखवलं, फरक नव्हता. बॅगेत हवा असते, म्हटलं. काका म्हणाले, "मॅडम, सोनवणे सरांच्या बॅगेत काय नव्हती हवा?"

कोपऱ्यावरच्या लीलाताई भामरे महिनाभरासाठी लेकीकडे बंगलोरला निघाल्या, तेव्हा मी पोर्चमध्येच होते. दुपारची वेळ, गल्लीत चिटपाखरू नाही. काकांनी बॅग टांगली. ती कडीवर हळूहळू फिरू लागली. आमच्या घराकडे तोंड, मग भिंतीकडे, मग परत. शेवटी फाटकाकडे तोंड करून थांबली. काकांनी ती हाताने वळवली, तरी ती पुन्हा फाटकाकडेच आली. काटा पाच रेघा पुढे होता. लीलाताई हसत होत्या, "काय हो, तेवढ्याचे पैसे भरावे लागतील का?" काका म्हणाले, "नाही लागायचे." आणि फाटकापर्यंत जाऊन त्यांना नमस्कार केला, जो ते कोणालाच करत नसत.

लीलाताई पोचल्या त्याच रात्री तिकडेच गेल्या, झोपेत. जावयाने त्यांची प्रवासातली साडी आणि चपला वर ठेवून बॅग, बाकी काही न हलवता, तशीच आणून दिली. काकांनी लीलाताईंच्या मुलाची परवानगी घेऊन ती तोलली. त्या साडीचं आणि चपलांचं वजन वजा करून बेरीज अगदी जुळली. पाच रेघा गेल्या होत्या. त्या दिवशी मी घरी येऊन भरदुपारी देवापाशी दिवा लावला. विज्ञानाच्या शिक्षिकेने हे सांगू नये, पण लावला.

विमानकंपन्यांना हे सगळं माहीत असतं, असं काकांचं ठाम मत होतं. "नाहीतर बॅगेचे पैसे वेगळे कशाला घेतील? माणसाचं तिकीट जाऊन-येऊन मिळतं. जास्तीच्या वजनाची पावती मात्र एकेरीच फाडतात. विचारून बघा." आणि जागा निवडायचे पैसे लागायला लागले तेव्हा तर ते फारच अस्वस्थ झाले. म्हणायचे, "मिळेल तिथं बसावं. स्वतः निवडलेली जागा माणसाला सोडवत नाही."

या सगळ्या शास्त्राला एकच भोक होतं, आणि वादात हरायला आले की मी त्यातच बोट घालत असे. काकांचा स्वतःचा मुलगा, प्रशांत. सत्त्याण्णव साली कॅनडाला गेला तो गेलाच. रविवारी फोन यायचा, माणूस नाही. आणि त्याची बॅग तर काकांनी सगळ्या गल्लीसमोर तोलली होती. बेरीज जुळली होती.

"मग प्रशांतचं काय, काका?" मी विचारायचे.

"येईल. जुळलीय ना. उशीर होतो कधी कधी."

काकू लगेच आतून म्हणायच्या, "यंदा येतोच म्हणालाय." दर उन्हाळ्यात त्या त्याच्या वाट्याच्या कुरडया वेगळ्या घालायच्या आणि दर दिवाळीला त्या आम्हाला मिळायच्या. मला ते ऐकून वाईट वाटायचं आणि मनातून बरंही वाटायचं. काटा एकदा तरी चुकला होता. चुकणाऱ्या काट्याला घाबरायचं कारण नव्हतं.

मग माझ्या केतकीला सिंगापूरला नोकरी लागली.

एकुलती एक मुलगी. "दोन वर्षं गं आई, मग इकडेच बदली मागते," असं ती म्हणाली, आणि मी तो शब्द घट्ट धरून बसले होते. तिने बॅगेचे वीस किलोचे पैसे आधीच भरले होते. मी मुद्दाम काकांकडे गेले नाही. आमच्या न्हाणीघरापुढच्या काट्यावर उभी राहून, बॅग उचलून, वजा करून वजन काढलं. केतकी हसली. "अगं, काकांकडे टांगू ना. लहानपणापासून बघतेय, माझी बॅग कधी लागणार म्हणून."

काकांनी नेहमीप्रमाणे एकेक वस्तू तोलली. केतकी जमिनीवर मांडी घालून बडबड करत होती. बोलता बोलता म्हणाली, "आणि काका, मी खिडकीची जागा घेतली. पैसे भरून. उजवीकडची, म्हणजे विमान उठताना मुंबई दिसेल."

काकांच्या हातातला मसाल्याचा डबा काट्यावर टेकायच्या आधी जरा थांबला.

बेरीज झाली एकोणीस किलो चारशे. काकांनी बॅग आकड्याला लावली. ती फिरायला लागली. मी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघत होते. आमच्या घराकडे, भिंतीकडे, आमच्या घराकडे. मग फाटकाकडे, आणि तिथेच. काटा चारशेवर आला, थरथरला आणि पुढे सरकला. एक रेघ. दोन. तीन.

केतकी मोबाईलमध्ये बघत होती. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग बॅग डुलते म्हणून धरावी तसे ते पुढे झाले, तिला खेटून उभे राहिले. काटा हळूहळू मागे आला. तीन, दोन, एक, आणि बरोबर चारशेवर थांबला.

"बेरीज जुळली," काका म्हणाले.

मी पोर्चच्या पायरीवर होते, म्हणजे खाली. त्यांच्या लेंग्यातला डावा गुडघा वाकून बॅगेच्या बुडाला टेकलेला मला स्वच्छ दिसत होता.

टॅक्सी आली. केतकी काकांच्या पाया पडली, काकूंच्या पडली, मला मिठी मारली. काकूंनी तिच्या हातावर दही ठेवलं. "येते," ती म्हणाली, आणि गाडी वळणावर दिसेनाशी झाली. काकूंनी मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि चहाचं आधण ठेवलं.

"रडून घे," त्या म्हणाल्या. मग साखर घालता घालता, माझ्याकडे न बघता, "प्रशांतच्या टायमाला उजवा गुडघा होता. तो दुखतो आता, म्हणून आज डावा लावला."

पन्नास वर्षं नाशकात राहून काकूंची सटाण्याची भाषा फक्त अशा वेळी बाहेर यायची.

"मले समदं माहीत शे," त्या म्हणाल्या. "तव्हाच दिसनं. पन त्यास्ले सांगू नको."

"तेव्हाच दिसलं, तर मग दरवर्षी यंदा येतो म्हणता ते? त्या कुरडया?"

"ते ह्यांच्यासाठी. माझ्यासाठी खोटं बोलले ना ते. एका साली मी काही म्हणलेच नाही, कुरडया पण नाही घातल्या. तर दोन दिवस जेवले नाहीत. त्यांना वाटलं, मला कळलं."

चहा उतू गेला. आम्ही दोघींनी मिळून ओटा पुसला.

बाहेर काका एकटेच पायरीवर बसले होते. मी कप त्यांच्या हातात दिला. केतकी परत येणार नाही, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. आता रविवारच्या फोनची वाट मलाही बघायची होती.

"बरं झालं, काका," मी म्हटलं. "जुळलं ते. मला आता काळजी नाही."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ निरखून पाहिलं. मी हसत राहिले. मग त्यांचा चेहरा सैल झाला, ते "हो ना" म्हणाले आणि चहा पीत डावा गुडघा चोळत बसले.