परवा म्हणजे कवा?

कोंडीरामांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन बुधवारी ठरलं होतं. सोमवारी सकाळी चहाच्या आधी त्यांनी सुनेला विचारलं, "शिवांजली, कवा हाय गं माजं आपरेशन?" चहा झाल्यावर पुन्हा विचारलं. मग दाढी अर्धी टाकून, तोंडाला फेस तसाच ठेवून, स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारलं. कृष्णराज, म्हणजे त्यांचा मुलगा, असल्या वेळी कपाळाला हात लावून ओरडायचा. पण शिवांजलीनं नवऱ्याला बजावलं, "तुम्ही मधे बोलायचं न्हाय. मी बघते."

शिवांजली लोहाऱ्याजवळच्या शाळेत दुसरीचा वर्ग शिकवायची. नुकत्याच झालेल्या प्रशिक्षणात तिला सांगितलं होतं, की मूल तेच तेच विचारत असेल तर चिडू नका, त्याच शब्दांत आणि त्याच सुरात उत्तर द्या, म्हणजे मूल आपोआप शांत होतं. बाईंनी एकदा मनावर घेतलं की घेतलं. सासऱ्यांनी दिवसभर विचारलं आणि तिनं दिवसभर गोड आवाजात सांगितलं, "परवा, मामा."

मंगळवार उजाडला. मामांनी विचारलं. तोच गोड आवाज, तेच उत्तर, "परवा, मामा." कालचा परवा आज उद्या होतो, हे तिच्या वर्गातल्या पोरांनाही कळतं. पण बाईंचं सगळं लक्ष सुराकडं. संध्याकाळपर्यंत सूर जराही हलला नाही आणि रात्री तर मामांनी विचारायचंही बंद केलं. शिवांजली मनातून एवढी खूश झाली की विचारू नका.

बुधवारी तिनं रजा टाकली, पिशवी भरली. सोलापूरच्या दवाखान्याची गाडी दारात आली. आत लोहारा तालुक्यातले आणखी चार म्हातारे-म्हाताऱ्या बसलेले. आणि कोंडीराम घरात नाहीत. "चौकातनं येतो," म्हणून गेले होते ते गेलेच. त्यांचा फोन घरातच चार्जिंगला. चौकातल्या हॉटेलवाल्यानं सांगितलं, "कोंडीरामआण्णा तर मगाशीच तुळजापूरच्या जीपमधे बसले की."

आजची वेळ हुकली तर पुढची तारीख थेट दिवाळीनंतर. आणि इकडं दारात म्हैस उभी आहे की मोटारसायकल, हे मामांना आवाज आल्यावरच कळत होतं. कृष्णराजला दुकानावर फोन करण्यातही तिनं वेळ घालवला नाही. ड्रायव्हर महारुद्रला म्हणाली, "भाऊ, गाडी तुळजापूरवरनं घ्या." महारुद्र म्हणाला, वाट वाकडी होते, डॉक्टर रागावतील. ती म्हणाली, "डॉक्टरांशी मी बोलते. तुम्ही गेर टाका."

तुळजापुरात दर्शनाच्या रांगेत मामांना शोधायला वेळ लागला नाही. ते पुढच्या माणसाला विचारत होते, "सरकली का रांग?" तो बिचारा रडकुंडीला आला होता.

"मामा, ऑपरेशन आज हाय."

"तू तर काल 'परवा' म्हनलीस."

"चुकलं माझं. पण रात्री ह्यांनी उद्या म्हणून सांगितलं हुतं की तुम्हाला."

"सांगितलं. शेजारच्या गौरीशंकरनं बी उद्याच सांगितलं," मामा म्हणाले. "पर मला तुझं पटलं."

मग मामा मान खाली घालून म्हणाले, "तारीख म्हाईत हाय गं मला. म्हनलं, इचारत ऱ्हावं. कोन तरी एकदा म्हनंल, ऱ्हाऊ द्या, जायाचं न्हाय."

आता काय शिकवणार कप्पाळ? प्रशिक्षणात यावर काहीच नव्हतं. तिनं त्यांचा हात धरला. "भ्या वाटतंय?"

"डोळ्यात सुई घालनार हायती. वाटंल न्हाय तर काय."

"मलाबी वाटतंय. चला, दोघं मिळून भिऊ."

मामा निघाले. पण गाडीपाशी येऊन बघतात तर गाडी रिकामी. देवीच्या दारात आल्यावर असंच कसं जायचं, म्हणून चारही पेशंट रांगेला लागले होते. त्यातल्या दोघांना दिसत नव्हतं आणि एकाला ऐकू येत नव्हतं. डॉक्टर महारुद्रला फोनवर विचारत होते कुठं आलात, आणि तो प्रत्येक वेळी सांगत होता, आलोच. शिवांजलीनं दुसरीच्या सहलीसारखी सगळ्यांना एकमेकांचा हात धरायला लावला, कळसाला नमस्कार करवला आणि ओळीनं गाडीत कोंबलं. सोलापूरला पोचेपर्यंत मामा विचारत होते, दुखंल का गं? दर वेळी ती वेगळं काहीतरी सांगत होती.

ऑपरेशन छान झालं. पट्टी निघाल्यावर मामांनी सुनेकडं नीट पाहिलं आणि ती फार वाळल्याचं जाहीर केलं. डॉक्टर म्हणाले, दिवाळीनंतर दुसरा डोळा करून घ्या.

"कवा?" मामांनी विचारलं.

शिवांजली शहाणी झाली होती. मायेनं म्हणाली, "तुम्ही म्हणाल तेव्हा, मामा."

त्यानंतर मामांनी पुन्हा एकदाही विचारलं नाही. आता तीच विचारते. सकाळी चहाच्या आधी विचारते, चहानंतर विचारते, शाळेला निघताना पायात चपला घालता घालता विचारते, "मामा, मग कधी करायचं?" आणि मामा पेपरातून डोकं वर न काढता, अगदी गोड आवाजात सांगतात, "बघू की."

उत्तर तिला पाठ झालंय. तरी विचारते. आज बदलेल, असं तिला रोज वाटतं.