नव्वद मिनिटांपुरता ब्राझील

"नव्वद मिनिटं," वाल्मीकराव पगारे म्हणाले. "फक्त नव्वद मिनिटं मी ब्राझीलचा होईन. त्यात काय एवढं? बत्तीस वर्षं कचेरीत साहेबांच्या विनोदांना हसतोय मी."

यशोदाबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. नवऱ्याच्या प्रतिज्ञा त्यांनी पुष्कळ ऐकल्या होत्या आणि मेथी मात्र आजच निवडायची होती.

वाल्मीकराव अर्जेंटिनाचे. नाशिकरोडच्या त्यांच्या कॉलनीत हे दूधवाल्यापासून बुद्धविहाराच्या सचिवांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. शाळकरी वयात शेजाऱ्यांच्या खिडकीच्या गजांना लटकून त्यांनी पहिला वर्ल्ड कप पाहिला. तोही ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर, जिथं सगळ्याच संघांचे शर्ट करडे दिसायचे. त्यातून यांना निळी-पांढरी पट्टी कशी ओळखू आली, हे त्यांचं त्यांनाच माहीत. पण तेव्हापासून अर्जेंटिना हरली की घरात दोन दिवस भाजी खारट लागायची. मीठ कितीही बेतानं घातलेलं असो.

हेही खपून गेलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी सृष्टीला बघायला मालेगावहून पाहुणे आले, ते नेमके मॅचच्या वेळी. मुलाचे काका पोहे खाता खाता सहज म्हणाले, की एका चेंडूमागं बावीस जण धावतात, त्यापेक्षा प्रत्येकाला एकेक चेंडू घेऊन द्यावा. वाल्मीकरावांनी पुढं होऊन काकांच्या हातातली पोह्यांची बशी काढून घेतली. पाहुणे चहाला थांबले नाहीत आणि त्यांची गाडी मालेगावला पोचायच्या आत नकाराचा फोन आला. नंतरचे आठ दिवस सृष्टी बापाशी अगदी गोड, अगदी नीट, परक्या माणसाशी बोलावं तसं बोलत राहिली. ते वाल्मीकरावांना फार लागलं. अजूनही लागत होतं.

आता तिनं स्वतःच मुलगा पसंत केला होता. आयुष अहिरे, मनमाडचा, तिच्याच बँकेत नोकरीला. आपल्याच समाजातला, शांत, कामाला वाघ. सगळं जुळत होतं, फक्त एक भानगड होती. मुलाचे वडील कारभारी अहिरे रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, तरुणपणी मनमाडला रेल्वेच्या मैदानावर फुटबॉल खेळलेले आणि कट्टर ब्राझीलवाले होते.

"बाबा, सोंग काही करू नका," सृष्टीनं बजावलं होतं. "फक्त भांडू नका. मला हे लग्न करायचंय."

शहाण्या माणसानं एवढं ऐकून गप्प बसायला हवं होतं. पण त्याच संध्याकाळी खुद्द कारभारींचा फोन आला. म्हणाले, "पाव्हनं, रविवारी सकाळी सहाला आलो तर चालंल का? शनिवारीच तुमच्या जवळ, उपनगरला बहिनीकडं मुक्कामाला येतोय. ती सेमीफायनल हाय ना ब्राझील-अर्जेंटिनाची, जोडीनंच बघू."

वाल्मीकरावांनी "या ना, या" म्हटलं, फोन ठेवला, तांब्याभर पाणी संपवलं आणि मघाची ती प्रतिज्ञा केली. नुसतं न भांडणं त्यांना पुरेना. एका बशीचं प्रायश्चित्त घ्यायचं होतं, तर ते पिवळा शर्ट घालूनच घ्यायचं असं त्यांनी ठरवलं.

शनिवारी त्यांनी नाशकात शालिमार ते मेन रोड सगळी दुकानं पालथी घातली. ब्राझीलचे शर्ट संपले होते. उरला होता तो सात वर्षांच्या मुलाच्या मापाचा. शेवटी हळदीचे कपडे विकणाऱ्या एका दुकानात त्यांना हिरव्या गळ्याचा, जरा ढगळच, पण पिवळाधमक टी-शर्ट मिळाला. चार हात लांबून पाहिला तर थेट ब्राझील. पाठीवर तेवढं लाल ठळक अक्षरांत 'नवरीचे बाबा' असं छापलेलं होतं.

"साधा नाही का?" वाल्मीकरावांनी विचारलं.

"हळदीला साधं पिवळं आता कोण घालतं, काका?" दुकानदार म्हणाला.

बोलणी व्हायच्या आधीच मुलीच्या बापानं असा शर्ट घालणं म्हणजे समोरच्याच्या गळ्यात पडणंच होतं. पण वाल्मीकरावांनी हिशेब केला, की पाठ सोफ्याला टेकलेली असली आणि तोंड टीव्हीकडे असलं की मागचं वाचणार कोण?

रविवारी पावणेसहाला बेल वाजली. वाल्मीकरावांनी छाती पुढं काढून दार उघडलं आणि ते जागच्या जागी थिजले. दारात कारभारी अहिरे उभे होते. सहा फूट उंची, पांढऱ्या मिशा, आणि अंगात अर्जेंटिनाचा निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट. तो त्यांना इतका घट्ट होता की पट्ट्या पोटावर येऊन वाकड्या झाल्या होत्या. त्यांच्यामागं आयुष आणि त्याची आई लताबाई.

कारभारींनी पिवळा शर्ट पाहिला. वाल्मीकरावांनी निळा-पांढरा पाहिला. सृष्टीनं आयुषकडे पाहिलं आणि आयुष खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडत बसला. त्याच्या पायात चपला होत्या.

पोरीनं चुकीची माहिती दिली, असं वाल्मीकरावांच्या मनात आलं. हा माणूस तर आपल्याच गोटातला! त्याला कडकडून मिठी मारावी असं त्यांना वाटलं. पण मग अंगात पिवळं का, म्हणून त्यानं विचारलं तर काय सांगणार? तुम्हाला फसवायला घातलं होतं म्हणून? होणाऱ्या व्याह्यासमोर पहिल्याच भेटीत बापानं पक्ष बदलला तर घराण्याबद्दल काय मत होईल? तेव्हा आता ब्राझीलच निभवायचं, पण मवाळ ब्राझील, असं ठरवून ते मागं मागं पावलं टाकत सोफ्यावर जाऊन बसले.

मॅच सुरू झाली. दोघांनी एकमेकांना इतका मान दिला की खेळाडूंना लाज वाटावी. तुमची टीम फार छान पास देते हो, असं हे म्हणत. तुमचा गोलकीपर लय भारी हाय, असं ते म्हणत. चहा घ्यायला वाल्मीकराव उठले ते उलटे चालत स्वयंपाकघरात गेले आणि उलटेच परत आले. लताबाईंनी दोनदा हे पाहिलं आणि कमरेचा त्रास आहे का, म्हणून विचारलं. वाल्मीकराव हो म्हणाले. त्यावर लताबाईंनी पिशवीतून मलमाची बाटली काढली आणि त्या आयुषला म्हणाल्या, की जा, काकांच्या पाठीला चोळून दे. आयुष उठला. वाल्मीकराव सोफ्याला असे चिकटले की त्यांना उपटायला दोन माणसं लागली असती. मलम पोहे झाल्यावर लावू, असं कसंबसं ठरलं.

एकतिसाव्या मिनिटाला अर्जेंटिनानं गोल केला. वाल्मीकरावांचं सगळं अंग उभं राहायला निघालं होतं. त्यांनी ते ओढून खाली बसवलं आणि आनंद खोकल्यात काढला. कारभारींनी भाकरी थापल्यासारख्या चार टाळ्या वाजवल्या आणि ते "छान झालं" असं म्हणाले. कुणाच्या दहाव्याला आल्यासारखा त्यांचा आवाज होता. वाल्मीकरावांना वाटलं, मनमाडची माणसं फार संयमी दिसतात.

उत्तरार्धात ब्राझीलनं बरोबरी केली. आता वाल्मीकरावांना ओरडणं भाग होतं. "गोल," ते म्हणाले. याच आवाजात ते कचेरीत 'रजा नामंजूर' असं सांगत असत. कारभारींच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्यांनी मिशा पुसायचं निमित्त करून डोळे पुसले. हे पाहून वाल्मीकरावांचा जीव कळवळला. बिचारा किती मनाला लावून घेतो, म्हणून त्यांनी आपल्या बशीतले शेंगदाणे वेचून कारभारींच्या बशीत घातले.

आणि मग त्र्याऐंशीव्या मिनिटाला घात झाला. अर्जेंटिनानं दुसरा गोल केला, मैदानभर धावाधाव झाली आणि पंचानं कानाला हात लावून, हवेत बोटांनी टीव्हीचा खोका काढून, गोल रद्द केला. ऑफसाइड.

वाल्मीकराव कधी उठले आणि टीव्हीजवळ कधी पोचले ते त्यांनाच कळलं नाही. पडद्यावरच्या रेघेवर बोट ठेवून ते गरजले, "कुठंय ऑफसाइड? पाय कुठंय बघा त्याचा! ह्या पंचाला आधी चष्मा द्या!"

"साफ ऑफसाइड हाय!" कारभारीही उभे राहिले होते. "पाय सोडा, आख्खा मानूस फुडं हाय. गोल रद्द म्हंजी रद्द!"

मग दोघंही एकदम थांबले. पिवळा शर्ट अर्जेंटिनाच्या गोलासाठी भांडत होता आणि निळा-पांढरा शर्ट तो गोल रद्द झाल्याबद्दल पंचाची बाजू घेत होता. त्या शांततेत लताबाईंनी चष्मा डोळ्यांवर सारखा केला आणि वाल्मीकरावांची पाठ सावकाश वाचली. "नवरीचे... बाबा."

सृष्टी स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन उभी होती. दोन वर्षांपूर्वी ती तिथंच उभी होती. वाल्मीकरावांना तिच्याकडे बघवेना.

"अहिरे साहेब," ते म्हणाले, "मी खोटं वागलो. मी लहानपणापासून अर्जेंटिनाचा. पोरगी म्हणाली होती सोंग करू नका, मीच ऐकलं नाही. एकदा माझ्यामुळं तिचं जमता जमता मोडलंय. परत तसं होऊ नये म्हणून हा शर्ट घातला. तुम्हाला राग आला असेल तर माझ्यावर काढा. पोरगी गुणाची आहे."

कारभारींनी आपल्या शर्टाची कॉलर धरून ती ओढायचा प्रयत्न केला. कॉलर हलेना.

"आन् मी कोन हाय असं वाटतंय तुमाला?" ते म्हणाले. "आयुष म्हनला, तिचे वडील अर्जेंटिनाचे, जरा जपून. मी म्हनलं, चौतीस वर्षं गाडीला झेंडी दाखवली, एक दिवस शर्ट बी घालू सोयऱ्याच्या रंगाचा. पुतन्याचा हाय हा. सकाळधरनं श्वास घेता येत नाय मला."

लताबाईंनी पदर तोंडाला लावला. आधी यशोदाबाईंना हसू फुटलं, मग सगळ्यांनाच.

"मंग आता मोकळेपनानं भांडायचं का?" कारभारींनी विचारलं.

उत्तर सृष्टीनं दिलं. "भांडा, बाबा," ती म्हणाली. "पण आधी शर्ट बदला." तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. वाल्मीकरावांच्या छातीवरचं दोन वर्षांचं ओझं तिथंच उतरलं.

दोघं आत जाऊन शर्ट अदलाबदल करून आले. निळा-पांढरा वाल्मीकरावांना बेतल्यासारखा बसला. मनमाडचे कारभारी अहिरे, वरपिता, पाठीवर 'नवरीचे बाबा' मिरवत सोफ्यावर ऐसपैस बसले आणि मग खरी मॅच सुरू झाली. पुढच्या पाऊण तासात दोघांनी एकमेकांच्या देशांचे, पंचांचे आणि प्रशिक्षकांचे असे वाभाडे काढले, की वरच्या मजल्यावरचे चिमाजी काळजीनं खाली डोकावून गेले. वाल्मीकराव इतके सुखी कित्येक वर्षांत झाले नव्हते. तोडीस तोड भांडणारा माणूस त्यांना कॉलनीत कधी मिळालाच नव्हता.

जादा वेळ संपला तरी बरोबरीच. पेनल्टी आल्या. चार-चार झाल्या आणि कारभारींनी कबूल केलं, की त्यांना पेनल्टी बघवत नाहीत, बीपी चढतं. वाल्मीकराव म्हणाले, मलाही नाही बघवत. दोघं गॅलरीत गेले आणि टीव्हीकडे पाठ करून, एकमेकांचा हात घट्ट धरून, रस्त्यावरच्या भाजीच्या गाडीकडे डोळे लावून उभे राहिले.

आतून एकदम गलका उठला. टाळ्या, हसणं, लताबाईंचा आवाज, आयुषचा आवाज. काहीतरी मोठं झालं होतं. दोघं धडपडत आत आले.

टीव्ही बंद होता. यशोदाबाई लताबाईंना पेढा भरवत होत्या.

"कोण जिंकलं?" दोघांनी एकदम विचारलं.

"त्याचा आवाज फार होत होता, बोलू देईना. बंद केला मी," यशोदाबाई म्हणाल्या. "आम्ही ठरवून टाकलं. येत्या रविवारी साखरपुडा. ऊन व्हायच्या आत, सकाळी सातला. विहाराच्या सचिवांना फोनही झाला."

"रविवारी?" वाल्मीकराव किंचाळले. "रविवारी सकाळी फायनल आहे!"

"फायनलच्या दिवशी कुटं साखरपुडा ठेवत्यात का, ताई?" कारभारी म्हणाले. "दुसरा वार बघा."

यशोदाबाईंनी पेढ्यांचा डबा खाली ठेवला आणि दोघांकडे शांतपणे पाहिलं. "आपण मुहूर्त कधीपासून पाहायला लागलो?" त्यांनी विचारलं. "आणि फायनल आहे म्हणता, ती कोणाची?"

वाल्मीकरावांनी कारभारींकडे पाहिलं. कारभारींनी वाल्मीकरावांकडे पाहिलं. दोघांपैकी एकालाही ते सांगता येईना.

"मग सातची वेळ पक्की," यशोदाबाई म्हणाल्या आणि त्यांनी दोघांच्या हातावर एकेक पेढा ठेवला.